चिमटीत धरलेला लोलक

"दुखलं तर वाजवा. जीभ चावून पडून राहू नका."

मित्रांनो, हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की माझ्या पितळात ते मुरले असावे. ते म्हणणाऱ्या बाईंचा दवाखाना आता बंद आहे. मी त्यांच्याच इमारतीत, एक जिना खाली, लाँड्रीच्या फळीवर बटणांच्या बरणीला टेकून बसले आहे. मी एक जुनी घंटी आहे. मूठ मिटली तर अख्खी आत मावेन, एवढाच माझा जीव. माझ्या पोटात एक लोलक लोंबतो. तो हलला की मी बोलते, तो कोणी धरला की मी मुकी होते. माझी सगळी कहाणी या लोलकापाशीच अडकली आहे, म्हणून हे आधी सांगून ठेवते.

माझा जन्म भट्टीपाशी झाला. ओताऱ्याने तापलेले पितळ साच्यात ओतले, निवल्यावर कानशीने माझ्या कडा घासल्या आणि मला कानाशी धरून हलवले. "आवाज बारीक आहे हिचा," तो म्हणाला. "मोठ्या जागी हिचं काही चालायचं नाही." माझ्या थोरल्या बहिणी देवाच्या दारी गेल्या, काही शाळांत गेल्या. मी एका चष्म्याच्या दुकानात गल्ल्यावर बसले. दुकानदाराला स्वतःलाच कमी दिसे. गिऱ्हाईक मला वाजवी, मग दुकानदार आधी चष्मा शोधी आणि मग गिऱ्हाईक. ते दुकान उठले तेव्हा मोडक्या काड्यांबरोबर मी एका खणात पडून राहिले. कोणाला माझी आठवण झाली नाही. किती वर्षे गेली ते खणात कळत नाही, तिथे सगळे दिवस सारखेच काळे असतात.

शेवटी तो खण जुन्या सामानात विकायला निघाला, तेव्हा तिथून मला बाईंनी उचलले.

बाई ॲक्युपंक्चरच्या डॉक्टर होत्या. केसासारख्या बारीक सुया अंगावरच्या ठराविक जागी टोचून जुन्या दुखण्यावर उपचार करायचा, हे त्यांचे काम. आजूबाजूचे लोक त्यांना सुईवाल्या बाई म्हणत. नव्या माणसाला पाटी वाचून काही उमगत नसे. एक गृहस्थ तर विजार घेऊन आले होते, खालून दुमडून हवी म्हणून. बाईंनी ती दुमडून दिली आणि जाताना विचारले, "गुडघे दुखतात का हो तुमचे? जिना चढताना कण्हत होतात." ते गृहस्थ पुढे वर्षभर येत राहिले.

रोज सकाळी पहिला माणूस येण्याआधी बाई मला मऊ फडक्याने पुसत. पुसताना डोळे मिटून म्हणत, "देवा, आज माझ्या हातून कोणाला इजा होऊ देऊ नकोस. गुण देणं न देणं तुझ्याकडे." ताप असो, पाहुणे असोत, हा नेम त्यांनी चुकवला नाही. मला तेव्हा वाटे, आपणही देवाच्या दारीच आहोत की.

माझे काम सोपे होते. माणूस पालथा झोपे. पलंगाच्या डोक्याकडच्या गोल खळग्यात त्याचे तोंड असे, त्याला फक्त फरशी दिसे. बाई मानेत, खांद्यात, कमरेत, पोटरीत सुया लावीत, वर दिव्याची ऊब देत, आणि अर्धा तास तसेच पडून राहायला सांगून पडद्यापलीकडच्या दुसऱ्या पलंगाकडे जात. जाण्याआधी मला त्याच्या तळहातावर ठेवून सांगत, "जड वाटेल, मुंग्या येतील, ते चालेल. चटका बसला, कळ निघाली, गरगरलं तर ही वाजवा. हाक मारू नका. हाक मारताना माणूस मान उचलतो आणि तुमच्या मानेत सुया आहेत. नुसतं मनगट हलवा. दुखलं तर वाजवा. जीभ चावून पडून राहू नका."

मग वाजवणारे वाजवीत. एक बस चालवणारे काका होते, त्यांची कंबर धरलेली. ते पंखा लावा म्हणून मला वाजवीत, पंखा बंद करा म्हणून वाजवीत, किती वाजले म्हणूनही वाजवीत. शेवटी बाई म्हणाल्या, "काका, ही घंटी आहे. कंडक्टर नाही."

"बाई, जन्मभर दुसऱ्यानं वाजवली आणि मी थांबलो," काका खळग्यातून म्हणाले. "जरा मला वाजवू द्या की."

काकांच्या कमरेला बराच उतार पडला. डोकेदुखीच्या एका शिक्षिकेलाही पडला. एका सुताराच्या कोपराला काही म्हणता काही फरक पडला नाही. त्याने तसे तोंडावर सांगितले, आणि बाईंनीही त्याला उगाच लटकवत न ठेवता दुसरीकडे जायला सांगितले. दुखेल तिथे मी वाजायची, बाई सुईची जागा बदलायच्या, नाहीतर सुई काढायच्या. आमचा कारभार असा सरळ होता. मी फार वाजले नाही की बाई खूश असत. "आज गप्प होतीस हो," असे मला पुसताना म्हणत. मला त्या कौतुकाची सवय झाली. बाईंनाही झाली.

आमच्या खालीच लाँड्री होती. सकाळपासून तिची वाफ जिन्याने वर येई आणि आमची फरशी थंडीतही कोमट राही. लाँड्रीवाले भाऊ कपडे धूत. त्यांची बहीण कपड्यांना चिंध्यांच्या खुणा बांधी आणि गिऱ्हाइकांशी भांडे. इस्त्रीला त्यांची बायको उभी असे. तिला सगळे वहिनीच म्हणत. ती जड इस्त्री वर्षानुवर्षे ओढून वहिनींचा उजवा खांदा गेला होता. मलमे झाली, पट्टे झाले, गोळ्या झाल्या. डॉक्टरांनी फोटो काढून पाहिला आणि विश्रांती घ्या म्हणाले. विश्रांती कुठे मिळते ते मात्र सांगितले नाही.

एक दिवस नणंद वहिनींना वर घेऊन आली. आल्या आल्या तिनेच बोलायला सुरुवात केली.

"बघा बाई, काही होतंय का. आमच्या वहिनीचा खांदा फार शहाणा आहे. कपड्यांचा गठ्ठा दिसला की दुखतो, ताट दिसलं की राहतो."

"वन्सं, असं काय," वहिनी हळूच म्हणाल्या.

"मग काय खोटं आहे? हॉटेलवाले दारात उभे आहेत, सगळ्या चादरींचं काम देतो म्हणतात. दादा आपला हिच्या तोंडाकडे बघत बसलाय."

सगळे घर त्या खांद्यावर अडले होते. खांदा सुधारला तर भाऊ ते मोठे काम घेणार होते. नाही सुधारला, तर वहिनींचे दुखणे मनाचेच आहे यावर नणंदेचे शिक्कामोर्तब होणार होते. बाईंनी नणंदेला बाहेरच्या बाकावर बसवले आणि पडदा ओढला.

"कुठं दुखतं ते बोटानं दाखवा," बाई म्हणाल्या. "घाई नाही."

वहिनींनी दाखवले. मानेपासून कोपरापर्यंत बोट फिरत राहिले आणि बाई एकदाही 'बरं बरं' म्हणाल्या नाहीत, शेवटपर्यंत ऐकून घेतले. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आले. दुखले म्हणून नाही. इतका वेळ कोणी विचारलेच नव्हते.

मग सुया लागल्या आणि मला त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवण्यात आले. बाईंनी नेहमीचे सगळे सांगितले. "वाजवाल ना?" असेही विचारले. "वाजवीन," वहिनी म्हणाल्या. बाई पडद्यापलीकडे गेल्या. थोड्या वेळाने वहिनींच्या खांद्यात कळ निघाली. मला कळले, कारण त्यांचा तळवा एकदम घामेजला. आता वाजणार, म्हणून मी तयार झाले. तेवढ्यात बाहेर बाकावर नणंद खोकली. वहिनींची दोन बोटे माझ्या आत आली आणि त्यांनी माझा लोलक चिमटीत गच्च धरला.

अर्धा तास तो त्यांनी सोडला नाही.

"कसं वाटतंय?" बाईंनी सुया काढताना विचारले.

"बरं वाटतंय," वहिनी म्हणाल्या.

बाईंचा चेहरा इतका उजळला की ते पाहून वहिनीही हसल्या. आणि मित्रांनो, तेच घात करून गेले. एकीला वाटे, एवढ्या मायेने करणाऱ्या बाईंना नाही कसे म्हणायचे. दुसरीला वाटे, घंटी वाजत नाही म्हणजे नक्कीच आराम आहे. दोघी भल्या होत्या. दोघींपैकी एक जरी जराशी भांडखोर असती तरी पुढचे टळले असते.

वहिनी येत राहिल्या. सुया त्याच जागी लागत राहिल्या, कारण जागा बदलावी असे बाईंना कोणी कळवलेच नाही. कधीकधी खरेच जरा हलके वाटे, मग वहिनींची बोटे सैल पडत. पण दुसऱ्या दिवशी इस्त्री होतीच. पुन्हा तीच कळ आणि तीच चिमूट. सकाळी बाई मला पुसत आणि म्हणत, "वहिनींच्या हातात गेलीस की शहाण्यासारखी गप्प बसतेस हो." मला फोडून सांगावेसे वाटे. पण घंटीला वाजवल्याशिवाय बोलता येत नाही.

मग एके दुपारी लाँड्रीवाले भाऊ ओले हात पुसत वर आले.

"बाई, खरं काय ते सांगा. हॉटेलचं काम घेऊ का? एकदा घेतलं की वर्षभर मागं फिरता यायचं नाही."

वहिनी तिथेच चपला घालत होत्या. बाईंनी त्यांच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

"उतार आहे, भाऊ," त्या म्हणाल्या. "इतक्या दिवसांत घंटी एकदाही वाजली नाही."

भाऊंनी बायकोकडे पाहिले. वहिनींनी चपलेचा पट्टा पुन्हा नीट केला.

चादरी आल्या. पांढऱ्या, रुंद, ओलसर चादरींचे ढीगच्या ढीग. एक चादर इस्त्री करायची तर हात पार लांब न्यावा लागतो आणि तसाच ओढत आणावा लागतो. वर आमच्या खोलीत वाफ दुप्पट येऊ लागली. वहिनी आता येताना डाव्या हाताने उजवा हात धरून येत, दुसऱ्याचे मूल सांभाळावे तसा. बाईंनी विचारले तर म्हणत, "काम वाढलंय ना, म्हणून जरा. बाकी बरं आहे."

एक दिवस सुया काढून झाल्यावर बाई म्हणाल्या, "घंटी द्या." वहिनींनी हात पुढे केला, पण मूठ उघडेना. बोटे आखडून गेली होती. बाईंनी ती एकेक करून सोडवली आणि तर्जनी उजेडात धरली. बोटाच्या टोकाला गोल खळगा पडला होता. लोलकाच्या गाठीएवढाच. तिथली कातडी घट्ट झाली होती, इस्त्री धरणाऱ्या तळव्याला घट्टे पडतात तशी. बाईंनी मला उचलले, स्वतःच्या चिमटीत माझा लोलक धरला आणि हलवले. मी काय बोलणार.

बाई पलंगाच्या कडेवर बसल्या.

"लोलक धरून पडत होतात?"

"सवय लागली."

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच."

"आणि मी विचारलं की बरं वाटतंय म्हणत होतात."

"तुम्ही इतक्या आशेनं विचारता, बाई." वहिनी फरशीकडे बघत होत्या. "आणि बाहेर वन्सं असतात. वाजली असती तर म्हणाल्या असत्या, इथंही हिचे नखरे."

"मी भाऊंना सांगितलं तेव्हा तुम्ही इथंच होतात."

"तुम्ही सांगितल्यावर मी काय बोलणार? तुम्हाला खोटं पाडू?"

बाई उठल्या आणि मला मुठीत धरून तशाच जिना उतरल्या. लाँड्रीत वाफ कोंडली होती. भाऊ चादर पिळत होते.

"भाऊ, उतार नाही. कधीच नव्हता. घंटी वाजली नाही म्हणजे दुखत नाही, असं मी धरून चालले. चूक माझी."

भाऊंच्या हातातून पाणी गळत राहिले. "म्हणजे आता?"

"आता हा हात इस्त्रीला लावू नका."

"आणि चादरी कोणी करायच्या, बाई? काम तर तुमच्या शब्दावर घेतलं."

बाईंनी चादरींच्या ढिगाकडे पाहिले. नणंदेकडे प्रत्येक वेळी उत्तर असायचे, म्हणून सगळ्यांनी तिच्याकडे पाहिले. तिने हातातल्या चिंध्या बाजूला ठेवल्या, वहिनींच्या जागी जाऊन उभी राहिली आणि इस्त्री उचलली. "केवढी जड आहे ही," एवढेच म्हणाली. संध्याकाळी ती मनगट दाबत बसली होती, पण त्या दिवशी कोणाला टोमणा मारला नाही.

यानंतर सगळे सुधारले, असे मला सांगता आले असते तर किती बरे झाले असते. पण तसे झाले नाही. बाईंनी पुन्हा नव्याने जागा शोधल्या. वहिनींना मोठ्या डॉक्टरांकडे पाठवले, तिथून परत आल्यावर पुन्हा सुया लावल्या. पण उशीर झाला होता. हात छातीच्या वर जाईना. दुखणे गेले नाही, थांबलेही नाही. ते त्या घरात एखाद्या माणसासारखे राहू लागले. वहिनींना स्वतःचे केस विंचरता येईनात, म्हणून नणंद विंचरी. "मान सरळ ठेव, वहिनी. मला काय दुसरा उद्योग नाही का," असे म्हणत म्हणत गुंता मात्र हळूच सोडवी.

पुढे बाईंचेच हात थरथरू लागले. थरथरत्या हाताने सुई धरायची नसते. त्यांनी एक दिवस सगळ्या सुया बंद केल्या, दवाखान्याला कुलूप लावले आणि मागच्या राहत्या खोलीत बसून राहू लागल्या. त्यांचे गुडघेही गेले होते. इतक्यांचे गुडघे ज्यांनी पाहिले, त्यांचे पाहायला कोणी नव्हते. कुलूप लावले त्याच दिवशी काठी टेकत त्या मला घेऊन लाँड्रीत आल्या आणि वहिनींच्या डाव्या हातावर मला ठेवले.

"ही तुमच्याकडे राहू दे. फार दुखलं की वाजवा. खिडकी उघडी असते, मला वर ऐकू येईल. मी येईन."

"येऊन काय करणार, बाई?" वहिनींनी विचारले. रागाने नाही, खरेच जाणून घ्यायचे म्हणून. "सुया तर बंद झाल्या."

"काही नाही करणार. जवळ बसेन."

"त्यानं काय होणार?"

"दुखायचं थांबणार नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी या वेळी आशा दाखवली नाही. "पण तुम्ही एकट्यानं सोसू नका. वाजवाल ना?"

वहिनींनी मान हलवली. ती होकाराची होती की नुसती, मला कळले नाही.

तेव्हापासून मी या फळीवर आहे. मला आता कोणी पुसत नाही. खळीचे पांढरे ठिपके माझ्यावर वाळले आहेत. वहिनी बसून बटणे लावतात, डाव्या हाताने जेवढे होते तेवढे करतात. कळ आली की शिवण मांडीवर ठेवतात, फळीकडे बघतात आणि पुन्हा सुई उचलतात. कधी मला हातात घेतात, पण बोटे आपोआप आत जातात, लोलक धरतात, आणि कळ ओसरली की मला परत ठेवून देतात. वरच्या खिडकीचा पडदा रोज बाजूला सारलेला असतो. मागच्या चौकाच्या दारातून तेवढे मला इथून दिसते.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे एवढीच मागणी आहे. तुमच्या घरातही कोणी असेल, विचारले की बरं आहे म्हणणारे. त्यांचे बोलणे ऐकून घ्या, पण तेवढ्यावर जाऊ नका. त्यांचा हात बघा, मूठ कशी मिटली आहे ते बघा. आणि कोणी दुखतंय म्हणाले तर आधी ऐका, शंका मागून काढा. आम्हा पितळी घंट्यांना राख, लिंबू, चिंच काही लावले की पुन्हा लख्ख होता येते. माणसाच्या खांद्याला तसे होता येत नाही.

आज दुपारी हॉटेलच्या चादरींचा नवा ढीग आला. नणंद इस्त्री करत होती, भाऊ तारेवर कपडे टाकत होते. वहिनींच्या हातातले बटण खाली पडले, तसे त्या वाकल्या आणि तशाच वाकून राहिल्या. खांद्यापासून बोटांपर्यंत कळ गेली असावी, त्यांचे ओठ पांढरे पडले. बराच वेळ कोणाचे लक्ष नव्हते. मग त्यांनी डाव्या हाताने फळी चाचपली आणि मला उचलले. दोन बोटे आत आली. लोलक धरला. त्या खळग्यात माझी गाठ आजही अगदी बरोबर बसते. मी मुकी होऊन वाट पाहत राहिले, नेहमीसारखी.

बोटे सुटली.

माझा आवाज बारीक आहे, ओतारी म्हणाला होता ते खरेच. पण इस्त्री थांबली. नणंद दाराकडे बघून म्हणाली, "कोण आलंय का गिऱ्हाईक?"

"नाही," वहिनी म्हणाल्या. "माझा खांदा दुखतोय."

भाऊंनी हातातला ओला सदरा हळूच बादलीत परत ठेवला. वहिनी मला धरून तशाच बसल्या होत्या, लाजल्यासारख्या, जणू काही मोठी चोरी केली. वाफेच्या आवाजात मी कान लावून राहिले. वर खुर्ची सरकली. काठी चाचपल्याचा आवाज झाला. दाराची कडी निघाली. आणि मग जिन्याच्या वरच्या पायरीवर एक पाऊल पडले, थांबले, कठडा धरला गेला, आणि दुसरे पाऊल तिच्या खालच्या पायरीवर आले.